बर्फातली नाळ आणि गच्चीवरचे सांडगे

गेले दोन आठवडे या सदरात खंड पडला, तेव्हा काही वाचकांनी फोन करून तब्येत विचारली. तब्येत ठणठणीत आहे. मी भोपाळला दादाकडे गेले होते. बेळगावहून गोवा एक्सप्रेसमध्ये बसलं की मिरज, पुणे, भुसावळ, इटारसी करत गाडी थेट भोपाळला नेऊन सोडते, मध्ये कुठं बदलावी लागत नाही. दादा तिथं भेलमध्ये नोकरीला लागला तो निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिला. आता पिपलानीजवळ घर बांधून कायमचा भोपाळकर झालाय. वहिनी धारवाडच्या. त्यामुळे त्या घरात दादाशी मराठी, वहिनींशी कन्नड आणि दारात आलेल्या भाजीवाल्याशी हिंदी असा कारभार चालतो. आपल्या भागातल्या घरांपेक्षा वेगळं काही नाही, फक्त हिंदी जरा जास्त.

त्यांना मुलगी एकच, माझी भाची. वय सत्तावीस. मी पोचले तेव्हा ती घरात नव्हती. हिमाचलात, लाहौलच्या खोऱ्यात बर्फावर घसरायला गेली होती. ‘घसरायला’ हा वहिनींचा शब्द. तिला तो अजिबात आवडत नाही.

बर्फावरचं स्कीइंग म्हटलं की आपल्याला गुलमर्ग आठवतं. पाळण्यात बसून वर जायचं आणि पायाला फळ्या बांधून खाली यायचं. ही करते तो प्रकार निराळा आहे. त्यात पाळणा नाही, आखलेला रस्ता नाही. डोंगर आपल्याच पायांनी चढायचा. चढताना स्कीच्या तळाला लव असलेली एक लांब पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असायची, आता नायलॉनची किंवा मोहेर लोकरीची मिळते. मांजराच्या पाठीवरून हात डोक्याकडून शेपटीकडे फिरवला तर सरकतो आणि उलटा फिरवला तर अडतो, तशीच ही पट्टी पुढे सरकू देते पण मागे घसरू देत नाही. टाच मोकळी असते, त्यामुळे चालता येतं. फार उभा चढ आला की स्की पाठीवरच्या पिशवीला बांधायच्या, बुटांना खिळ्यांचे सांगाडे लावायचे आणि पायऱ्या खोदल्यासारखं चढत जायचं. वर पोचलं की पट्टी काढायची, टाच अडकवायची आणि खाली यायचं. सहा तास चढण आणि अर्ध्या तासाची उतरण. हा हिशोब दादाला अजून पटलेला नाही.

मनालीत अटल बिहारी वाजपेयी यांच्या नावाची सरकारी पर्वतारोहण संस्था आहे, तिथं ती पहिल्यांदा स्कीइंग शिकली. लाहौल हे खरं तर हिवाळ्यात जगापासून तुटलेलं खोरं. रोहतांगची खिंड जवळपास चार हजार मीटरवर, बर्फ पडला की बंद. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीहून भर थंडीतही पलीकडे जाता येऊ लागलं. वसंतात तिकडे स्की घेऊन जाणाऱ्यांमध्ये आता ही आणि तिचे मित्र.

या वेळी त्यांना एक नाळ उतरायची होती.

नाळ म्हणजे काय हे आपल्या सह्याद्रीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. दोन कड्यांच्या मध्ये डोंगराला पडलेली उभी चीर. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ज्यांनी केली असेल त्यांच्या डोळ्यांसमोर ती लगेच येईल. कॉलेजात असताना आमचा एक गट बेलपाड्याकडे उतरला होता, त्यात मी होते. वरच्याच्या पायाखालून दगड सुटला की तो ओरडायचा “दगड!” आणि खालचे सगळे कडेच्या भिंतीला चिकटायचे. नाळेचा स्वभावच तो. वरून जे काही सुटतं ते इकडे तिकडे पांगत नाही, सगळं नाळेतूनच येतं, नरसाळ्यातून यावं तसं. आमच्या नाळेत दगड होते. हिच्या नाळेत बर्फ. चंद्रा नदीपलीकडच्या उतारावर, पाचेकशे मीटर उंचीची, चाळीस अंशांहून थोडी जास्त उभी आणि मध्यावर दोन स्की आडव्या मावतील एवढीच रुंद. घराचा जिना साधारण तीस-पस्तीस अंशांचा असतो. त्याच्यापेक्षा उभी आणि पायऱ्या नसलेली, असं डोळ्यांसमोर आणा.

आता एक कबुली. तिच्या स्की, बूट आणि बाकीच्या सामानाचे पैसे मी दिले होते. दोन वर्षांपूर्वी, मुदत ठेव मोडून, दादाला न सांगता. दादा नको म्हणत होता, ती माझ्याशी फोनवर रडली आणि मी विरघळले. आत्या असतातच कशाला? पण दादाच्या घरात बसून त्याच्या मुलीच्या फोनची वाट बघताना ते पैसे माझ्या घशाशी आले होते.

मंगळवारचा बेत तिनं आधीच कळवला होता. रात्री दोनला उठायचं, आठपर्यंत नाळेच्या माथ्यावर पोचायचं, नऊच्या सुमारास उतरायचं आणि अकरापर्यंत फोन. “नाही आला तर दोनपर्यंत काळजी करू नका,” हे वर.

त्या दिवशी वहिनींनी अरळ संडिगे घालायला काढले होते. आपण सांडगे म्हणतो ते कोहळ्याचे, डाळीचे. धारवाडकडचे हे लाह्यांचे, तळले की फुलासारखे होतात. एप्रिलमधलं भोपाळचं ऊन म्हणजे वाळवणाची चैन. पण संडिगे घालायचे ते ऊन चढायच्या आत. नऊनंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. आम्ही दोघी सकाळी सहाला पातेली घेऊन वर गेलो आणि आठाला खाली आलो. वहिनी त्या दोन तासांत मुलीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त शेवटचं ताट उचलताना म्हणाल्या, “आता ती माथ्यावर असेल, नाही का वन्सं?”

अकरा वाजले. बारा वाजले. दादा पेपर घेऊन बसला होता, पान उलटत नव्हता. एकाला आम्ही जेवलो, म्हणजे ताटं मांडली आणि उचलली. दोन वाजले. दादानं तिचा नंबर लावला. बंद.

सव्वादोनला मी दादाला म्हटलं, “तुला एक सांगायचंय. तिच्या त्या स्कीचे पैसे...”

“ठाऊक आहे,” दादा म्हणाला. “तिचं खातं माझ्याबरोबर जॉइंट आहे. ज्या दिवशी आले त्याच दिवशी कळलं.”

आणि उठून गच्चीवर गेला. एवढ्या उन्हात. मी जिन्यातून बघितलं तर तो अनवाणी उभा राहून एकेक संडिगा उलटत होता. उलटायची वेळ झालेलीही नव्हती.

साडेचारला फोन आला. वहिनींनी उचलला.

“अव्वा, मी बरी आहे. आम्ही नाळ उतरलोच नाही. अर्ध्यातून परत आलो.”

“तिरगि बंदी?” वहिनी म्हणाल्या. “छलो आतु.” आणि मग विचारलं, “परत कधी आलात?”

“सकाळी सातला.”

“मग फोन?”

“झोपले होते गं. तंबूपाशी नेटवर्क नाही. रात्रभर जागरण झालेलं, म्हटलं जरा पडते आणि मग गावात जाऊन फोन करते.”

पुढची दोन मिनिटं वहिनी जे अस्सल धारवाडी बोलल्या ते छापण्याजोगं नाही. तिच्या बरोबरचा लाहौलचा वाटाड्या शेजारीच बसला होता म्हणे. त्याला कन्नडचं अक्षर कळत नाही, पण त्यानं मान खाली घातली.

का परत आले, हे मला नीट कळलं ते आठवडाभरानं, ती घरी आल्यावर. नाकाची साल निघालेली, डोळ्यांभोवती चष्म्याचा पांढरा ठसा, आणि भूक एवढी की पोळ्या लाटता लाटता वहिनींचे हात दुखले. जेवणं झाल्यावर मी तिला म्हटलं, आता मला समजेल असं सांग.

वसंतातल्या बर्फाचा सगळा खेळ रात्रीवर असतो, ती म्हणाली. दिवसा उन्हानं वरचा थर वितळतो. रात्र निरभ्र असेल तर जमिनीची ऊब वर आकाशात निघून जाते आणि तो थर पुन्हा गोठून दगडासारखा होतो. असं वितळत-गोठत राहिलं की बर्फाचे मोठे, गोल दाणे तयार होतात. सकाळी ऊन पडलं की त्या गोठलेल्या थराचा फक्त वरचा बोटभर भाग सुटा होतो, आणि त्यावर स्की अशी चालते की काय सांगू. पण आणखी तासा-दोन तासांनी पाणी खालपर्यंत मुरतं, दाण्यांची पकड सुटते आणि आख्खा थर ओला होऊन खाली येऊ शकतो.

“म्हणजे साबुदाण्यासारखं,” मी म्हटलं. “बेताच्या पाण्यात भिजला तर दाणा न दाणा मोकळा. पाणी जास्त झालं की लगदा.”

“अगदी तसंच!” ती म्हणाली.

“साबक्की?” वहिनी आतून म्हणाल्या. “साबक्कीसाठी एवढ्या लांब जायचं?”

तर त्या मंगळवारच्या रात्री ढग आले. ढगाळ रात्र म्हणजे डोंगरावर घातलेली गोधडी. ऊब निघून जात नाही आणि बर्फ गोठत नाही. हे चौघे अडीचला निघाले तेव्हा आकाशात एकही तारा नव्हता. तरी निघाले, कारण ढग जातील असं वाटत होतं. पहाटे साडेपाचला नाळेच्या मध्यावर पोचले तर पाय गुडघ्यापर्यंत आत जाऊ लागला. ज्या वेळी खिळे ठोकल्यासारखा टणक बर्फ हवा, त्या वेळी हे असं. वाटाड्यानं काठी खुपसून बघितली. काठी मुठीपर्यंत गेली. त्यानं काही न बोलता पाठीवरच्या स्की खाली काढल्या.

“माथा दिसत होता आत्या,” ती म्हणाली. “दोनशे मीटरसुद्धा राहिला नव्हता.”

इथं दादानं तोंड उघडलं. आठवडाभर त्यानं हा प्रश्न दाबून ठेवला असावा. “मग त्या दिवशी पुढं आलं का काही खाली? त्या नाळेतून?”

“नाही,” ती म्हणाली. “दुपारभर समोरच्या तंबूतून दिसत होती. काहीच आलं नाही.”

“म्हणजे गेला असता तरी चाललं असतं.”

“हो. कदाचित.”

मला वाटलं होतं ती वाद घालेल. तिनं घातला नाही. थोड्या वेळानं एवढंच म्हणाली, की डोंगराची हीच अडचण आहे बाबा, उत्तर बरोबर होतं की चूक ते तो सांगत नाही. चुकीचा निर्णय घेऊनही माणसं दहा वेळा सुखरूप खाली येतात आणि त्यांना वाटतं आपल्याला समजतं. ज्या उतारांवर हिमलोट जास्त सुटतात ते साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचे, म्हणजे नेमके स्की करायला आवडतात तेच. गाडलेल्या माणसाला बाहेर काढायला पहिली दहा-पंधरा मिनिटं हातात असतात, नंतर आशा झपाट्यानं कमी होते. म्हणून प्रत्येकाच्या छातीशी संदेश पाठवणारं एक लहान यंत्र, पिशवीत फावडं आणि बर्फात खुपसायची लांब सळई असते. कुणी गाडलं गेलं तर हेलिकॉप्टर नाही, शेजारचे तिघेच वाचवणार.

दादाला मी तुमच्याच भोपाळच्या ज्योती रात्रे यांची आठवण करून दिली. २०२३ मध्ये त्या एव्हरेस्टवर आठ हजार मीटरच्या वर गेल्या होत्या आणि खराब हवेमुळे मागे फिरल्या. पुढच्या वर्षी, मे २०२४ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी माथ्यावर पोचल्या. तेव्हा एव्हरेस्ट चढणाऱ्या भारतीय स्त्रियांमध्ये वयानं त्या सर्वांत मोठ्या होत्या. दादा म्हणाला, “ती बातमी मीच तुला फोनवर वाचून दाखवली होती.” मग हसला. तेवढंच.

नंतर तिनं आम्हाला लॅपटॉपवर काही फोटो दाखवले. हिमाचलातलंच पापसुरा शिखर, ६४५१ मीटर. त्याच्या भयंकर उभ्या दक्षिण भिंतीवरून मे २०१७ मध्ये अमेरिकेची हिलरी नेल्सन आणि तिचे दोन साथीदार स्कीवरून उतरले. त्याआधी २०१३ मध्ये ती तिथूनच हात हलवत परतली होती. मग ३० सप्टेंबर २०१८ रोजी ती आणि जिम मॉरिसन ल्होत्सेच्या माथ्यावरून, म्हणजे जगातल्या चौथ्या क्रमांकाच्या उंच शिखरावरून, तिथल्या नाळेनं स्कीवर खाली आले. तोवर ते कुणाला जमलं नव्हतं. दोन मुलांची आई होती ती.

वहिनी पदराला हात पुसत येऊन मागे उभ्या राहिल्या होत्या. फोटोतल्या बाईकडे बघून म्हणाल्या, “आकी ईग यल्लि अदाळ?”

खोलीत कुणी बोललं नाही. भाचीनं लॅपटॉप मिटला नाही, हे मला आवडलं. ती म्हणाली, “ती गेली अव्वा. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये. मनास्लूवर. माथ्यावरून स्की करत निघाली आणि एका लहानशा हिमलोटानं तिला खाली नेलं.”

वहिनी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढी शिकलेली असून?”

“एवढी शिकलेली असून.”

हे वाचून एखादी आई आपल्या मुलीला घरातच बसवून ठेवील, तर मी तिला नावं ठेवणार नाही. मी स्वतः त्या रात्री पलंगावर पडून हाच विचार केला, की मुदत ठेव मोडली नसती तर? आणि हेही आठवलं, की बेलपाड्याच्या त्या उतरणीला माझ्या आईनं मला पाठवलं होतं ते वडिलांना ‘मैत्रिणीकडे अभ्यासाला’ असं सांगून. ती असती तर तिला विचारलं असतं की ते दोन दिवस तिनं कसे काढले.

(नेल्सनबाईंचा साथीदार तो जिम मॉरिसन. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो एव्हरेस्टच्या उत्तर बाजूनं, हॉर्नबाइन नावाच्या नाळेतून, स्कीवर उतरला. तिथून तसं उतरणारा पहिलाच. माथ्यावर त्यानं तिच्या अस्थी वाहिल्या. हे मी वहिनींना सांगितलं नाही.)

आणि ती नाळ? पाच दिवसांनी रविवारी त्यांनी ती उतरली. आम्हाला या खेपेला फोन आधी आला, शनिवारी संध्याकाळी: आकाश स्वच्छ आहे, थंडी कडक आहे, रात्री निघतोय. वहिनींनी फोनवर एवढंच म्हटलं, “निधान होगि बा.” आपल्याकडे दोन्ही भाषांत निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. मराठीत ‘येते’ म्हणायचं, कन्नडात ‘होगि बर्तेनि’. पलीकडून ती म्हणाली, “होगि बर्तेनि अव्वा.” हे ती शाळेत जाताना म्हणायची म्हणे, मग सोडून दिलं होतं.

रविवारची हकीकत तिच्याच तोंडून ऐकण्यासारखी होती, पण मला लिहिता येईल तेवढी लिहिते. चांदण्यात चढताना बर्फ बुटाखाली काचेसारखा वाजत होता. साडेआठला माथा. आणि मग तासभर थांबले. मला वाटलं दमले म्हणून. तसं नव्हतं. बर्फ अजून फार टणक होता. अशा कडक बर्फावर एक पाय चुकला तर माणूस थांबत नाही, पाचशे मीटर खाली जाऊनच थांबतो. म्हणजे मंगळवारी मऊ म्हणून परतायचं, आणि रविवारी कडक म्हणून थांबायचं. वाटाड्या दर दहा मिनिटांनी काठीचं टोक दाबून बघत होता. बोटभर आत जायला लागलं तेव्हा त्यानं मान हलवली.

एका वेळी एकच जण. बाकीचे कड्याच्या आडोशाला, नाळेच्या बाहेर. पहिला वाटाड्या गेला, दुसरी ही. पहिल्या वळणाला दोन्ही स्की उचलून हवेतच फिरवाव्या लागतात, कारण उतार एवढा उभा की वरच्या बाजूचा हात बर्फाला लागतो. “पहिल्या वळणापर्यंत पोटात गोळा होता. दुसऱ्यापासून काहीच आठवत नाही, फक्त आवाज आठवतो,” ती म्हणाली. कसला आवाज? स्कीखालचे दाणे सुटून शेजारून वाहत जातात, त्यांचा. सुपात तांदूळ पाखडल्यासारखा. अरुंद जागी तिला वळायला जमलं नाही, आडवं राहून घसरत पार केली. हे तिनं आपणहून सांगितलं. सगळे खाली पोचेपर्यंत सव्वादहा झाले. साडेअकराच्या आत त्यांनी ती बाजू सोडली होती, आणि फोन बाराच्या आधी आला. वहिनी तेव्हा वाळलेले संडिगे डब्यात भरत होत्या.

तिच्या टोपीवर लावलेल्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरण आम्ही बघितलं. त्यात पांढऱ्या रंगाशिवाय काही दिसत नाही आणि श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही. दादानं ते तीन वेळा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी म्हणाला, “त्या अरुंद जागी तू थांबलीस ते बरं केलंस.” पुढच्या वर्षी जाणार का, असं कुणी विचारलं नाही. ती जाणारच आहे.

मी निघाले तेव्हा वहिनींनी संडिग्यांचे दोन डबे बांधून दिले, एक मला आणि एक धारवाडला त्यांच्या आईला पोचवायला. भाची स्टेशनवर सोडायला आली. गाडी सुटता सुटता खिडकीतून बोट दाखवून म्हणाली, “आत्या, पोचलीस की आधी फोन. मग झोप.”

हो हो म्हटलं. बेळगावला उतरले, घरी आले, आंघोळ केली, दोन घास खाल्ले आणि जरा पाठ टेकली. जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि मोबाइलवर भोपाळचे अकरा मिस्ड कॉल होते.